यंत्रमानव धडे गिरवतो

पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. हात कसे मारावेत, पाय कसे झाडावेत, श्वास केव्हा घ्यावा, हे सारे तोंडपाठ करून विहिरीत उतरणारा मुलगा पहिल्या क्षणी गटांगळ्याच खातो. त्याच्यासोबत कोणी जाणता पोहणारा असावा लागतो. त्याने करून दाखवावे, मुलाने तसे करून पाहावे, चुकले की त्याने हात द्यावा आणि पुन्हा पाण्यात सोडावे. असे करता करता एके दिवशी पाणी अंगवळणी पडते. कुंभाराचा चाकावरचा हात, सोनाराची फुंकणी, भाकरी थापणाऱ्या बाईची बोटे यांचीही गोष्ट अशीच आहे. भाकरीचे पीठ किती मळावे असे विचारले, तर ‘हाताला मऊ लागेपर्यंत’ असे उत्तर मिळते. ते उत्तर खरे असते. परंतु ज्याच्या हाताला तो मऊपणा ओळखीचा नाही, त्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कौशल्याचा बराच मोठा भाग असा शब्दांत न मावणारा असतो. तो हातांत राहतो आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातो. म्हणूनच जगात सर्वत्र कारागिरीची विद्या उमेदवारीने शिकण्याची रीत पडली. यंत्रांना कामे शिकवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही नेमकी हीच अडचण उभी राहिली, आणि तिच्यातून सुटण्यासाठी त्यांनाही अखेर उमेदवारीचाच मार्ग धरावा लागला.

अशा यंत्राला इंग्रजीत ‘रोबो’ किंवा ‘रोबॉट’ आणि मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणतात. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या एका नाटकामुळे जगभर पसरला. ते नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्राग शहरात रंगभूमीवर आले. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठीची मजुरी. नाटकातील यंत्रमानव माणसासारखे दिसत. परंतु आजच्या कारखान्यांतील यंत्रमानव म्हणजे बहुधा जमिनीला घट्ट बसवलेला एक धातूचा हात असतो. त्या हातालाही खांदा, कोपर आणि मनगट असते. प्रत्येक सांध्यात तो वळवणारी मोटार असते, आणि सांधा किती अंशांतून वळला हे मोजणारे साधनही असते.

या हाताकडून काम करून घेण्याचा सरळ उपाय म्हणजे त्याला आज्ञा देणे. परंतु मेजावरचा पाण्याचा पेला उचलून ठेवायचा, एवढ्या साध्या कामाच्या आज्ञा लिहू लागले, तरी पानेच्या पाने भरतात. खांदा किती वळवायचा, बोटे किती उघडायची, पेला किती जोराने धरायचा, हे सर्व आकड्यांत सांगावे लागते. जोर कमी पडला तर पेला निसटतो. जास्त झाला तर फुटतो. लहान मूल जे काम विचार न करता करते, ते आकड्यांत मांडताना विद्वान माणूसही थकून जातो. तेव्हा सांगण्याऐवजी दाखवावे, ही कल्पना शास्त्रज्ञांच्या मनात येणे स्वाभाविकच होते.

या कल्पनेचा उगम बराच जुना आहे. अमेरिकेतील जॉर्ज डेव्हॉल या संशोधकाने १९५४ मध्ये एका यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे जोसेफ एंगेलबर्गर यांच्या साहाय्याने त्यातूनच ‘युनिमेट’ हा यंत्रमानव तयार झाला. १९६१ मध्ये न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामावर रुजू झाला. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलणे, हे त्याचे काम. माणसाला ते त्रासाचे आणि धोक्याचेही होते. युनिमेटला काम शिकवण्याची रीत अशी : शिकवणारा त्याचा हात एकेका जागी नेई, आणि त्या वेळी प्रत्येक सांधा कोणत्या स्थितीत आहे याची नोंद एका चुंबकीय नळकांड्यावर होत असे. मग यंत्र त्याच जागा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा गाठत राही. पाटीवर अक्षर काढून देऊन त्यावरून मुलाला गिरवायला लावावे, तसाच हा प्रकार होता.

काही वर्षांनी नॉर्वे देशात याहून नाजूक काम यंत्राला शिकवले गेले. ब्रिन या गावी ट्राल्फा नावाचा एक कारखाना होता. तेथे माती आणि दगड वाहण्याच्या एकचाकी हातगाड्या तयार होत. गाड्यांना फवाऱ्याने रंग देण्यासाठी माणसे मिळेनाशी झाली होती, आणि त्यात नवल नव्हते. रंगाच्या धुक्यात दिवसभर उभे राहणे कोणाच्याही प्रकृतीला मानवणारे नसते. तेव्हा त्या कारखान्यातील ओले मोलाउग या अभियंत्याने रंगाऱ्याचे काम करणारा एक यंत्रमानव बनवला. १९६७ च्या सुमारास तो कारखान्यात काम करू लागला, आणि १९६९ पासून इतर कारखान्यांनाही असे यंत्रमानव विकले जाऊ लागले.

फवाऱ्याने रंग देण्यात मोठे कसब असते. हात एके ठिकाणी क्षणभर अधिक रेंगाळला, तर रंगाचे ओघळ येतात. घाई झाली, तर पत्रा उघडा राहतो. कडेशी आल्यावर मनगट किती वळवावे, हे रंगाऱ्याला सांगता येत नाही. पण त्याच्या मनगटाला ते बरोबर कळते. मोलाउग यांनी ते विचारलेच नाही. कुशल रंगाऱ्याने यंत्राचा हात स्वतःच्या हाताने धरावा आणि नेहमीप्रमाणे एक गाडी रंगवून दाखवावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. त्या वेळी यंत्राच्या सांध्यांची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर उमटत असे. मग फीत पुन्हा लावली, की यंत्र रंगाऱ्याच्याच लकबीने पुढच्या गाड्या रंगवू लागे.

असे असले, तरी हे शिक्षण म्हणजे पाठांतरच होते. एखादा विद्यार्थी गणिताचे उत्तर पाठ करतो आणि प्रश्नातला एक आकडा बदलला की गोंधळतो. तशीच या यंत्राची अवस्था असे. गाडी ठरल्या जागेपासून वीतभर सरकली, तरी ते जुन्याच जागी रंग फवारत राही. गाडी कोठे आहे हे पाहणारे डोळे त्याला नव्हते, आणि जे दिसते त्याप्रमाणे हालचाल बदलावी, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. खरे शिक्षण व्हायचे, तर अमुक परिस्थितीत अमुक करावे, असा परिस्थिती आणि कृती यांचा संबंध यंत्राला जोडता आला पाहिजे.

हा संबंध जोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. डीन पोमर्लो यांनी १९८९ मध्ये ‘अल्विन’ नावाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. मोटार रस्त्यावर ठेवून चालवणे, हे तिचे काम होते. प्रारंभी तिला संगणकाने काढलेली रस्त्यांची चित्रे दाखवण्यात आली. पुढे ती प्रत्यक्ष मोटार चालवणाऱ्या माणसाकडे पाहूनच शिकू लागली.

अल्विन कशी शिकत असे, हे समजण्यास कठीण नाही. मोटारीवर बसवलेला कॅमेरा समोरच्या रस्त्याचे चित्र टिपत असे. त्या चित्राचे ३० ओळी आणि ३२ स्तंभ, म्हणजे ९६० बारीक चौकोन पाडले जात. कोणता चौकोन किती उजळ आहे, यावरून चाक कोणत्या बाजूला किती वळवावे, याचा अंदाज अल्विन बांधत असे. हा अंदाज तिच्यातील असंख्य लहान जोडण्यांच्या कमीअधिक जोरावर ठरे. मेंदूतील मज्जातंतूंचे जाळे पाहून ही रचना सुचलेली होती. अंदाज बांधला, की चालकाने चाक खरोखर किती वळवले याच्याशी त्याची तुलना होई. जेवढा फरक पडे, तेवढ्या प्रमाणात जोडण्यांचा जोर किंचित बदलला जाई. असे पुष्कळ वेळा झाले, की अंदाज आणि चालकाची कृती यांतील अंतर कमी होत जाई. सुमारे पाच मिनिटे चालकाचे निरीक्षण केल्यावर अल्विन त्या प्रकारच्या रस्त्यावर स्वतः मोटार चालवू शकत असे.

येथे मात्र एक विलक्षण अडचण पुढे आली. शिकवणारा चालक जितका निष्णात, तितके त्याचे शिक्षण अपुरे पडू लागले! याचे कारण मोठे विचार करण्याजोगे आहे. चांगला चालक मोटार नेहमी रस्त्याच्या योग्य भागातूनच नेतो. त्यामुळे मोटार कडेला गेली म्हणजे रस्ता कसा दिसतो, हे शिष्याला कधी पाहायलाच मिळत नाही. आणि तेथून परत कसे यावे, हेही तो शिकत नाही. पुढे स्वतः मोटार चालवताना त्याच्याकडून बारीकशी चूक होतेच. मोटार थोडी बाजूला जाते, आणि समोर एक अनोळखी दृश्य येते. त्या दृश्याविषयी त्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे तो आणखी मोठी चूक करतो. अशा रीतीने एका चुकीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी निघत जाते.

पोमर्लो यांनी यावर युक्ती काढली. मुद्दाम मोटार वेडीवाकडी चालवून दाखवणे धोक्याचे होते. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याने टिपलेले प्रत्येक चित्र संगणकाकडून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सरकवून घेतले, आणि मोटार खरोखर तेथे असती तर चाक किती वळवावे लागले असते, हे हिशेबाने काढून तेही अल्विनला शिकवले. चुकीपासून परतण्याचे धडे असे स्वतंत्रपणे द्यावे लागले.

याच प्रश्नाचे अधिक व्यापक उत्तर कार्नेगी मेलन विद्यापीठातीलच स्टेफान रॉस, जेफ्री गॉर्डन आणि ड्रू बॅग्नेल यांनी २०११ मध्ये दिले. त्यांची रीत पोहणे शिकवणाऱ्या माणसाच्या रीतीची आठवण करून देते. आधी गुरूने करून दाखवायचे. मग शिष्याला त्याच्या बुद्धीप्रमाणे काम करू द्यायचे, आणि तो जेथे जेथे जाऊन पोहोचेल, तेथे तेथे ‘या ठिकाणी असे करावयास हवे होते’ असे गुरूने सांगायचे. ही नवी उदाहरणे जुन्या उदाहरणांत मिळवून शिष्याने पुन्हा अभ्यास करायचा, आणि पुन्हा काम करून पाहायचे. हा क्रम अनेकदा चालतो. यात महत्त्वाची गोष्ट ही, की धडे कोणते द्यायचे ते शिष्याच्या चुकाच ठरवतात. शास्त्रज्ञांनी ही रीत संगणकावरील मोटारशर्यतीच्या एका खेळात वापरून पाहिली. नुसते गुरूचे अनुकरण करणारा शिष्य वाटेवरून पुन्हा पुन्हा खाली पडे. गुरूने चुका सुधारत शिकवलेला शिष्य मात्र लवकरच न पडता फेरी पुरी करू लागला.

गुरू नेहमीच निर्दोष असतो, असेही नाही. एखादी कसरत इतकी अवघड असते, की ती निष्णात माणसालाही दर वेळी बिनचूक साधत नाही. मग शिष्याने कोणाचे पाहून शिकावे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील पीटर अबील, अॅडम कोट्स आणि अँड्र्यू इंग यांनी २००८ मध्ये या प्रश्नाचे सुंदर उत्तर दाखवून दिले. त्यांच्यापाशी दुरून चालवता येणारे एक लहान हेलिकॉप्टर होते. एका कसलेल्या वैमानिकाने त्याच्याकडून हवेत कोलांट्या आणि गिरक्यांच्या कसरती अनेक वेळा करून घेतल्या. एकही कसरत पूर्णपणे निर्दोष नव्हती. कधी वाऱ्याने हेलिकॉप्टर डावीकडे ढकलले, कधी गिरकी थोडी उशिरा सुरू झाली. परंतु प्रत्येक वेळची चूक वेगळी होती, आणि मनातला हेतू मात्र एकच होता. संगणकाने त्या सर्व उड्डाणांची सांगड घालून वैमानिकाच्या मनातला मार्ग कोणता असावा, हे शोधून काढले. मग हेलिकॉप्टरने स्वतः केलेल्या कसरती वैमानिकाने दाखवलेल्या कसरतींपेक्षाही अधिक सफाईदार झाल्या. गुरूच्या हातून जे घडले त्याचे अनुकरण न करता, गुरूला जे घडवायचे होते ते ओळखण्याचा हा प्रयत्न होता.

अलीकडे हे शिक्षण घरगुती कामांपर्यंत येऊन पोहोचले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२४ च्या प्रारंभी झीपेंग फू, टोनी झाओ आणि चेल्सी फिन यांनी चाकांवर फिरणारा दोन हातांचा एक यंत्रमानव दाखवला. त्याला शिकवणारा माणूस त्याच्या मागे उभा राहतो आणि दोन लहान यंत्रहात आपल्या हातांत धरतो. ते जसे हलवावेत, तसेच यंत्रमानवाचे पुढचे हात हलतात. कळसूत्री बाहुलीच्या खेळासारखाच हा देखावा असतो. अशा रीतीने कढईत कोलंबी परतणे, नळाखाली भांडे विसळणे, भिंतीतले कपाट उघडून त्यात भांडे ठेवणे, अशी कामे त्याला दाखवण्यात आली. एकेका कामासाठी ५० किंवा त्याहून कमी प्रात्यक्षिके दिली गेली. पूर्वी एका जागी बसवलेल्या यंत्रहातांना दिलेल्या इतर कामांच्या धड्यांचीही त्यांना जोड होती, आणि त्या जुन्या धड्यांमुळे नवी कामे अधिक चांगली जमू लागली. तरीही सर्व कामे त्याला दर वेळी साधत असत असे नाही. माणसाचे मूल एकदोनदा पाहून जे उचलते, त्यासाठी यंत्राला अजून पुष्कळ दाखवावे लागते.

यंत्रांच्या शिक्षणासाठी माणसांनाही परस्परांचे सहकार्य घ्यावे लागते. एका प्रयोगशाळेत दिलेली प्रात्यक्षिके संख्येने थोडीच असतात. म्हणून २०२३ मध्ये २१ संस्थांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या. त्या २२ प्रकारच्या यंत्रमानवांच्या होत्या आणि त्यांत ५२७ कौशल्यांचा समावेश होता. एका यंत्राने एका देशात गिरवलेला धडा दुसऱ्या देशातील निराळ्या घडणीच्या यंत्रालाही उपयोगी पडू शकतो, असे यातून दिसून आले.

शिकवणे संपले, की माणसाने बाजूला व्हावे, असेच नेहमी घडत नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी १९९६ च्या सुमारास माणसाच्या जोडीने काम करणारी यंत्रे तयार केली. त्यांच्या पहिल्या यंत्रांत ढकलण्याची शक्ती माणसाची असे; जड वस्तू योग्य वाटेवरून जावी, एवढी काळजी यंत्र घेई. पूर्वीचे यंत्रमानव पिंजऱ्यात ठेवावे लागत, कारण वाटेत माणूस आला आहे हे त्यांना कळत नसे. आता माणसाचा धक्का लागताच थांबणारे यंत्रहातही निघाले आहेत. कामगार असा हात धरून त्याला काम दाखवतो, आणि मग दोघे एकाच मेजापाशी आपापला वाटा उचलतात.

या सर्व हकीकतीत एक प्रश्न मात्र मागे उरतो. ज्याचे कसब फितीवर उतरले, त्या कारागिराचे पुढे काय? विषारी रंगाच्या धुक्यातून माणसाची सुटका झाली, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु अनेक वर्षांच्या मेहनतीने कमावलेला हात एका दिवसात नोंदून घेता येत असेल, तर त्या मेहनतीचे मोल कोणी आणि कसे द्यायचे, याचा विचार समाजाला करावा लागेल. तो विचार यंत्र करणार नाही. यंत्राला गाडी रंगवता आली, तरी ती कोणासाठी रंगवायची, हे त्याला ठाऊक नसते. भांडे विसळता आले, तरी ते स्वच्छ का असावे, हे त्याला कळत नाही.

शिवाय यंत्राचे शिक्षण गुरूवर अवलंबून असते, हेही विसरून चालणार नाही. दाखवणाऱ्याने आळस केला, तर यंत्र आळशी रीतच गिरवील. त्याने काळजी घेतली, तर काळजीपूर्वक केलेल्या हालचालीच त्याच्यात उतरतील. म्हणून यंत्रमानव कितीही हुशार झाले, तरी काम मनापासून शिकलेल्या आणि ते चांगले करणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. ज्याला स्वतःला पोहता येत नाही, तो दुसऱ्याला काय पोहायला शिकवणार?